घराचा दलाल कसा पारखावा?



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'घराचा दलाल' असे सांगितले. दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. मग ते हसून म्हणाले, "सर, आदल्या दिवशी वेदान्त आहे, दुसऱ्या दिवशी हवामानबदल आहे. मध्ये दलाल बसवायचा?" आम्ही म्हटले, "बसवा. ब्रह्म आणि हवामान यांच्या मध्ये माणसाला राहायला घर लागतेच."

विनोद सोडून देऊ. आपण मध्यमवर्गीय माणसे आयुष्यात घर घेतो एकदा, फार तर दोनदा. त्यासाठी भविष्य निर्वाह निधी मोडतो, पत्नीचे दागिने बँकेत ठेवतो, वीस-वीस वर्षांचे हप्ते मानेवर घेतो. कलिंगड घेताना आपण टिचकी मारून पाहतो, लुगड्याचा पोत दोन बोटांत धरून पाहतो, मुलीला स्थळ पाहताना तर तीन गावांत चौकशी करतो. पण आयुष्याची पुंजी ज्याच्या शब्दावर ओतायची, तो दलाल मात्र आपण कसा निवडतो? ज्याची पाटी आधी दिसली तो, किंवा ज्याचा फोन आधी लागला तो. घर पारखण्याविषयी पुष्कळ बोलले जाते; घर दाखवणाऱ्याला पारखण्याविषयी कोणी बोलत नाही. आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

'दलाल' हा शब्द आपल्याकडे जवळजवळ शिवी होऊन बसला आहे. पण तो मुळात अरबी, आणि त्याच्या धातूचा अर्थ वाट दाखवणे असा आहे. दलाल म्हणजे वाट दाखवणारा. वाट दाखवणाऱ्याकडून आपली अपेक्षा काय असते? त्याने ती वाट स्वतः तुडवलेली असावी, आणि पुढे खड्डा असेल तर तो सांगावा. एवढेच. आजच्या व्याख्यानाचे सार याच दोन गोष्टींत आहे. बाकीचा वेळ आम्ही त्यांचा विस्तार करणार आहोत.

प्रथम आमची फजिती सांगतो. चौतीस वर्षे शाळेत इतिहास-भूगोल शिकवून आम्ही निवृत्त झालो. मातोश्रींना जिने चढणे झेपेना, म्हणून २०१८ च्या एप्रिलमध्ये दक्षिण पुण्यात तळमजल्यावरची एक जुनी सदनिका घेतली. दलाल नदीपलीकडच्या उपनगरातला. त्याचे नाव घेत नाही. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. कचेरी थंडगार, बोलणे गोड, मोटारीतून नेण्या-आणण्याची सोय. बाग किती अंतरावर, रुग्णालय किती मिनिटांवर, हे त्याने छापील कागदावर दाखवले. सोसायटीच्या मागे एक कोरडी घळ होती. "हे काय?" असे विचारता तो म्हणाला, "नाला आहे, साहेब. पावसाळ्यात थोडे पाणी असते." आम्ही मान डोलावली. भूगोलाच्या मास्तराने एप्रिलच्या उन्हात ओढा पाहावा आणि त्याला कोणी नाला म्हटल्यावर गप्प बसावे, याहून लाजिरवाणे ते काय!

तो आंबिल ओढा होता. कात्रजच्या डोंगरातून निघून, तिथल्या तलावांतून पुढे येऊन, शहर ओलांडून तो मुठेला मिळतो. पेशवाईत या ओढ्याचा प्रवाह वळवला होता, हे आम्ही फळ्यावर नकाशा काढून मुलांना कितीदा शिकवले होते! २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो ओढा आमच्या दारात आला. कात्रजकडे अतोनात पाऊस झाला होता. सीमाभिंत पडली आणि अर्ध्या तासात घरात कमरेच्या वर पाणी चढले. मातोश्रींना वरच्या मजल्यावरच्या मुलांनी खुर्चीत बसवून उचलून नेले. त्या रात्री शहरात कित्येकांचे प्राण गेले. आमची फक्त पुस्तके, धान्य आणि मातोश्रींची लग्नातली ट्रंक गेली. तक्रार करण्याचा आम्हांला अधिकार नाही.

पण दुसऱ्या दिवशीचे एक वाक्य आजही कानांत आहे. आम्ही चिखल उपसत होतो. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले मदतीला आले आणि भिंतीकडे पाहत सहज म्हणाले, "मास्तर, इतकं नाही, पण थोडं पाणी इथं आधीबी आलंय. घर घ्यायच्या आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

विचारले असते तर! आमच्या दलालाला हे ठाऊक नव्हते, कारण त्या गल्लीत त्याने एकही पावसाळा काढला नव्हता. आणि ज्यांना ठाऊक होते, त्यांना आम्ही विचारले नव्हते. घराची किंमत, हप्ता, नोंदणी, सारे नीट झाले होते. एका पावसाळ्याची माहिती तेवढी राहून गेली.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, परिसराची माहिती म्हणजे नेमके काय? शाळा, बाजार, बसथांबा ही माहिती आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर आहे. तिच्यासाठी दलाली देण्याचे कारण नाही. दलाली द्यावयाची ती नकाशावर नसलेल्या, किंवा नकाशावर असूनही आपल्याला वाचता न येणाऱ्या माहितीसाठी. ही माहिती चार प्रकारची असते.

पहिली पाण्याची, येणाऱ्या पाण्याची आणि घुसणाऱ्या पाण्याची. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, ही सूचना आपण कितीदा वाचतो. पण अमुक सोसायटी जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला आहे आणि तिच्या टाकीत शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाणी पडत नाही, हे वर्तमानपत्रात येत नाही. ते तिथला माणूसच सांगतो. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेच्या हद्दीत आली. गाव हद्दीत आले म्हणजे नळ घरात आला असे नव्हे. टँकरचा खर्च महिन्याला किती पडतो, हे सोसायटीच्या जमाखर्चात दिसते, आणि तो जमाखर्च मागण्याचे सुचवील तो खरा दलाल.

घुसणाऱ्या पाण्याचे तर पुण्याला नव्याने सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. नदीकाठच्या पेठांतली जुनी माणसे पुढे कित्येक वर्षे वाड्याच्या भिंतीवर पाण्याची खूण दाखवीत असत. ते वाडे गेले, इमारती आल्या, आणि भिंतीबरोबर खूणही गेली. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. या रेषा कागदावर आहेत. पण २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा कित्येक भाडेकरूंनी या रेषांचे नावही ऐकलेले नसेल. घर दाखवण्यापूर्वी ज्याने रेषा दाखवली, तो दलाल जपून ठेवावा.

दुसरी माहिती जमिनीच्या स्वभावाची. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन इमारतींखालची जमीन सारखी नसते. पानशेतनंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती वसल्या. अशा वसाहतीत घर घेताना जमीन कोणाला, कोणत्या अटीवर दिली होती, हे आधी पाहावे लागते. टेकडीच्या उतारावरची हवा छान असते. पण त्या उतारावर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे काय, हे त्याहून महत्त्वाचे. लोहगावच्या विमानतळाभोवती इमारतीच्या उंचीला बंधने आहेत. शहराच्या कडेला एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, जागा स्वस्तात मिळते म्हणून लोक धावतात आणि सातबाऱ्यावर स्वतःचे नाव कधी चढेल याची वाट पाहत बसतात. वस्तीतला जाणता दलाल हे एका वाक्यात सांगतो: "इथलं घेऊ नका, अजून पाच जणांचं नाव लागायचं राहिलंय."

तिसरी माहिती सोसायटीच्या पोटातली. जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे की अजून ती बांधणाऱ्याच्याच नावावर आहे? भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय? लिफ्ट आहे म्हणतात, पण वर्गणीच्या भांडणात ती बंद तर नाही? पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली? असे प्रश्न सभासदाला परका माणूस विचारू शकत नाही. तिथे रोजचा वावर असलेल्याला ते न विचारता कळतात.

चौथी माहिती भावाची. घरमालकाने सांगितलेला भाव ही त्याची इच्छा असते. नोंदवलेला भाव ही वस्तुस्थिती. त्याच गल्लीत गेल्या वर्षभरात झालेले तीन व्यवहार दलालाला सांगता आले पाहिजेत. मग ते आपण पडताळावेत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्तांची सूची क्रमांक दोन शोधून पाहता येते. तिथे रक्कम आणि तारीख दोन्ही असतात. दलालाने सांगितलेला आकडा तिच्याशी जुळला तर त्याच्या दुसऱ्या बोलण्यावरही थोडा विश्वास ठेवावयास हरकत नाही.

आता पारख कशी करावी? आमची रीत सोपी आहे. दलालाबरोबर मोटारीने जाऊ नये, पायी चालावे. त्या वस्तीत अर्धा तास त्याच्याबरोबर चालले की पुष्कळ गोष्टी कळतात. भाजीवाली त्याला नावाने हाक मारते काय? पहारेकरी त्याला ओळखतो काय, आणि ओळखून हसतो की तोंड फिरवतो? दुसरे, आपल्याला ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा एक प्रश्न त्याला विचारावा. "ठाऊक नाही, विचारून सांगतो," असे म्हणणारा दलाल चालेल. ठाऊक नसता ठोकून देणारा चालणार नाही. आणि तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: "या गल्लीतले कोणते घर तुम्ही आपल्या सख्ख्या बहिणीला घेऊ देणार नाही, आणि का?" या प्रश्नावर जो अडखळतो त्याला एक तर गल्ली ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून सांगावयाचे नाही. दोन्ही प्रकारांत आपण नमस्कार करून उठावे.

कोणी विचारील, आता कायदा आहे ना? आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या मे महिन्यापासून पुरता लागू झाला. नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या दलालाने महारेराकडे आपली नोंदणी केलीच पाहिजे. नोंदणी न झालेल्या प्रकल्पातली जागा त्याने विकू नये, हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात, खोटी भूल घालू नये, हे कायद्यात स्पष्ट आहे. मोडल्यास दिवसाला दहा हजार रुपये, आणि वाढत वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली आहे. तेव्हा त्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि संकेतस्थळावर तपासावा. यात संकोच नको. डॉक्टरच्या पाटीवरची पदवी आपण वाचतोच की!

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, हा कायदा मुख्यतः नोंदणीकृत प्रकल्पांसाठी आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतली जुनी सदनिका किंवा भाड्याचे घर दाखवणारा दलाल त्याच्या कक्षेत येईलच असे नाही, आणि आपल्यापैकी पुष्कळांचे व्यवहार नेमके तिथलेच असतात. दुसरी, परीक्षा होते ती कायद्याची आणि धंद्याच्या रीतीची. तुमच्या गल्लीची नव्हे. प्रमाणपत्रावरून माणूस नियम जाणतो एवढे कळते. ओढा जाणतो की नाही, ते आपणच पाहावयाचे.

आणखी एक प्रश्न लोक विचारायला लाजतात: "तुम्ही कोणाचे?" दलाल विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? पुष्कळदा तो दोघांचा असतो आणि दोघांकडून दलाली घेतो. त्यात लपवाछपवी नसेल तर ते पाप नव्हे. पण ते आपल्याला आधी कळले पाहिजे. १८७२ च्या करार कायद्याने यासंबंधी शहाणी तरतूद करून ठेवली आहे. आपण नेमलेल्या अभिकर्त्याने आपल्याला न सांगता त्या व्यवहारात स्वतःचाच माल खपवला किंवा स्वतःच खरेदी केली, तर त्याला जाब विचारता येतो आणि त्याने मिळवलेला लाभ मागता येतो. हे दीडशे वर्षांपूर्वीचे शहाणपण आपण वापरत मात्र नाही, कारण कागदच करत नाही. दलाली किती टक्के, कोण देणार, केव्हा देणार, व्यवहार मोडला तर काय, या चार ओळी लिहून दोघांनी सह्या केल्या की पुढचे निम्मे तंटे मिटतात. भाड्याच्या घरासाठी तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी असणे आणि नोंदवणे सक्तीचेच केले आहे. "कशाला नोंदणी, आपलेच लोक आहेत," असे म्हणणाऱ्या दलालाला आपले लोक बदलायला सांगावे.

इथे एक कडू गोष्ट बोलल्याखेरीज राहवत नाही. परिसराची माहिती या नावाखाली दुसरेच काही विकले जाते. "इथे सगळे आपल्यातलेच आहेत," "इथे अमक्यांना घर देत नाहीत," "एकट्या बाईला इथे जागा मिळणार नाही," हे ऐकले नाही असा माणूस या मंडपात क्वचित सापडेल. कोणी ते आपल्याविरुद्ध ऐकले असेल, कोणी आपल्या बाजूने. ज्यांनी आपल्या बाजूने ऐकले, त्यांना ते सोयीचे वाटले असेल. पण विचार करा. पाणी कुठवर चढते, ही परिसराची माहिती आहे. कोणी कोणाला शेजारी नको म्हणतो, ही परिसराची लाज आहे. जो दलाल ही लाज गुण म्हणून विकतो, तो उद्या तुमचाही कुठला तरी दोष दुसऱ्याला विकील. आम्ही शाळेत सर्व जातिधर्मांची मुले एका बाकावर बसवली. त्यांना मोठेपणी एका जिन्यात राहता येऊ नये, हे आमचेच अपयश आहे असे आम्ही मानतो.

आता आमच्या गोष्टीचा उत्तरार्ध. तो सांगणे आम्हांला सोपे नाही. पण तो वगळला तर पूर्वार्ध सांगण्याचा हक्क राहत नाही.

पुरानंतर मातोश्री त्या घरात झोपेनात. पावसाचा आवाज आला की उठून बसत. २०२१ च्या सुमारास ते घर विकावयाचे ठरले. या वेळी आम्ही इस्त्रीवाल्यांना विचारले. त्यांनी पिठाच्या गिरणीशेजारी टेबल टाकून बसणाऱ्या एका तरुणाकडे पाठवले. लहानपणी याच गल्लीत तो दूध टाकत असे. कोणत्या घरात किती माणसे, कोणाच्या गॅलरीत गळते, कोणाचा मुलगा परदेशी गेला आहे आणि घर कधीतरी विकायला निघणार, हे सारे त्याच्या तोंडावर.

मार्च महिन्यात त्याने पहिले गिऱ्हाईक आणले. नवरा-बायको, कडेवर आठ महिन्यांचे मूल. भिंती नव्याने रंगवल्या होत्या. बाहेर घळ कोरडी होती. सारे काही आमच्या एप्रिलसारखेच. त्या मुलीने सारे घर पाहिले आणि आमच्याकडे वळून विचारले, "काका, पावसाळ्यात इथे काही त्रास होतो का?"

श्रोतेहो, आम्ही म्हणालो, "फारसा नाही."

शब्द तोंडातून गेले आणि आमचे आम्हांलाच ऐकू आले. तोच तो गोड आवाज, तोच तो 'थोडे पाणी असते'. एवढ्यात तो दलाल पुढे झाला. त्याने कमरेच्या थोडे वर भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "ताई, २०१९ ला इथपर्यंत पाणी होतं. सरांच्या आईला खुर्चीतून उचलून न्यावं लागलं. भिंत आता नवी बांधली आहे, पण ओढा तोच आहे."

ती मंडळी आभार मानून निघून गेली. आम्हांला राग आला होता. खरे सांगायचे तर लाज झाकण्यासाठी राग आणला होता. आम्ही म्हटले, "अरे, तू आमचा दलाल ना?" तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमचाच आहे. पण ती माणसं उद्या याच गल्लीत राहायला आली असती. मी रोज या गल्लीतून जातो. ते बाळ मला रोज दिसलं असतं."

हे उत्तर आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवले. आमच्या पहिल्या दलालाचे आणि याचे अंतर कोठे होते? केवळ माहितीत नव्हे. पहिला व्यवहार करून नदीपलीकडे जाणार होता. हा व्यवहारानंतरही तिथेच राहणार होता. ज्याला आपल्या शब्दाच्या शेजारी राहावयाचे आहे, त्याला खोटे महाग पडते. स्थानिक दलाल निवडण्याचे खरे कारण हे आहे. गल्लीतला म्हणून तो आपोआप सज्जन ठरतो, असे आम्ही म्हणत नाही. गल्लीतलाही लबाड असतो. पण त्याची लबाडी गल्लीला ठाऊक असते आणि विचारल्यास गल्ली सांगते. परक्याची लबाडी नंतर कळते.

आणखी एक गोष्ट आम्हांला नंतर कळली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितलाच पाहिजे. म्हणजे त्या तरुणाने गिऱ्हाईक घालवले असे आम्हांला वाटले होते; वस्तुतः त्याने आम्हांला एका अपराधातून सोडवले होते. पुढे ते घर त्याच सोसायटीतल्या, वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सारे जाणून घेतले. आमच्या अपेक्षेपेक्षा सहा लाख रुपये कमी आले. त्या सहा लाखांची हळहळ आम्हांला कधी वाटली नाही, असे म्हटले तर ते पुन्हा 'फारसा नाही' म्हटल्यासारखे होईल. हळहळ वाटली. पण झोप लागली.

नवे घर आम्ही त्याच तरुणाकडून घेतले, चढावर. तिथे तो चुकला, हेही सांगून टाकतो. नाहीतर आपण त्याला देव कराल. समोरच्या रस्त्याची रुंदी वाढणार नाही, असे त्याने खात्रीने सांगितले होते. आम्ही दुधाने तोंड पोळलेले. महापालिकेतून विकास आराखड्याचा भाग नकाशा काढून आणला. रुंदीकरणाची रेषा सरळ सोसायटीच्या वाहनतळातून गेलेली! नकाशा त्याच्यापुढे ठेवला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "चुकलं माझं, सर. मला ठाऊक नव्हतं." दुसऱ्या दिवशी तो स्वतः आमच्याबरोबर महापालिकेत आला, चौकशी केली, आणि घरमालकाशी बोलून त्या मानाने किंमत कमी करून घेतली. तेव्हा माणूस कितीही जाणता असला तरी कागद पाहावाच: मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, सूची क्रमांक दोन, भोगवटा प्रमाणपत्र, भाग नकाशा, आणि वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल. ओढा कागदावर दिसत नाही म्हणून माणसाला विचारावे, आणि रस्त्याची रेषा जमिनीवर दिसत नाही म्हणून कागदाला विचारावे. जो दलाल कागद मागितल्यावर रागावतो त्याला सोडावे; जो आपल्याबरोबर कचेरीत येतो त्याला धरावे.

आता समारोप करतो. आपण घर शोधत असाल तर एप्रिलमध्ये पाहिलेले घर जुलैमध्ये पुन्हा पाहा, निदान जुलैविषयी चौघांना विचारा. दलालाबरोबर पायी चाला. त्याची नोंदणी पाहा, दलाली लिहून घ्या, तो कोणाचा आहे हे विचारा. आणि ज्या दलालाने स्वतःची दलाली बुडेल अशी एक तरी गोष्ट तुम्हांला आपणहून सांगितली, त्याच्याकडे घर घ्या.

पण आपल्यापैकी बहुतेकांना आता घर घ्यावयाचे नाही. आपण आपापल्या गल्लीत तीस-चाळीस वर्षे राहत आहोत. आपल्यासाठी एकच विनंती आहे. उद्या एखादे तरुण जोडपे आपल्या सोसायटीच्या दाराशी उभे राहील आणि बिचकत विचारील, "आजोबा, इथे पाणी कसे आहे?" तेव्हा सोसायटीचे नाव राखण्यासाठी, किंवा आपल्या घराचा भाव राखण्यासाठी, आपण गप्प बसू नये. त्या दिवशी त्या गल्लीचे दलाल आपणच असतो. आम्हांला कोणी सांगितले नाही, आणि पुढे आमची पाळी आली तेव्हा आम्हीही सांगितले नाही. आपण सांगा.